घर किती उंच घ्यावं

चेन्नई
११ फेब्रुवारी २०२५

बाबा,

मुरूम टाकू नका म्हटलं तं टाकू नका. दरवेळी तेच. मी इकडून लिवतो नका टाकू, तुमी तिकडून लिवता दोन ट्राल्या सांगून ठेवल्या. मंग मले विचारता कायले? ट्रॅक्टरवाल्यालेच पत्र लिवत जा.

रागाच्या भरात जय भीम राह्यला. जय भीम.

आता नीट ऐका. ऐका म्हणजे वाचा. कापसाच्या जिनातल्या मशिनीनं तुमचे कान नेले म्हणून तं हे पत्राचं लफडं, नाहीतं फोनवरच भांडलो असतो. हे पाहा, रोड दरवेळी जुन्या रोडावरच टाकते. रोड वर येते अन् आपलं घर खाली जाते. मंग तुमी घरात मुरूम टाकून जमीन वर घेता. दोनदा घेतली. पण टिन तं तठीच आहे ना? मागच्या जयंतीले आलो तेव्हा सदरा काढताना माह्या हाताले पंख्याचं पातं लागलं. आता तिसऱ्यांदा टाकलं तं घरात रांगत जा लागन. सुकेशनी माहेरी, मानोऱ्याहून, लेकरं घेऊन आली तं लेकरंच तेवढे उभे राहतीन.

मी इकडे काय काम करतो ते तुमाले दोनदा लिवलं, तुमी त्याच्यावर एक अक्षर लिवलं नाही. तुमाले वाटते पोट्टं थापा मारून राह्यलं. बाबा, आमी घरं उचलतो. खरोखर. इकडेही रोड वर गेले अन् घरं खाली राह्यले, सांडपाणी घरात येते. तं दौलतसिंग म्हणून आमचा मिस्त्री आहे, हरियाणाचा. तो घराखाली जॅक लावते, मोटारीले लावते तसे, पण दीड-दोनशे. तो शिट्टी मारते अन् आमी सगळे एकाच वेळी जॅकले पाव आटा देतो, म्हणजे पाव फेरा. घर केसभर वर येते. पुन्हा शिट्टी. परवा घरातली बाई आत सांबार करून राह्यली होती अन् आमी खालून तिचं घर उचलत होतो. तिचं सांबार सांडलं नाही.

दौलतसिंगले आपल्या घराचं सांगितलं. तो म्हणते, लहान घर आहे, हिशोबात करून देईन. फक्त त्याले पाया कसा आहे ते पायजे. तुमी एवढंच करा. बाहेरून कोपऱ्याले हातभर खड्डा करा अन् पाहा, गोटा आहे का वीट, सिमेंट आहे का काय. लिवून कळवा.

मुरूमवाल्याले नाही म्हणा.

तुमचा संघदीप

—

मु. पो. जुनी वस्ती, आसेगाव नाक्याजवळ
जि. वाशिम
२७ फेब्रुवारी

चि. संघदीप यास जय भीम.

मुरूमवाल्याले थांब म्हटलं. नाही म्हटलं नाही.

तू सुरतेले गेला, तिथून पळाला. हैदराबादले गेला, तिथून पळाला. सातवीतून शाळेतूनही असाच पळाला होता. आता म्हणते घरं उचलतो. मी अक्षर लिवलं नाही ते याच्यासाठी की काय लिवावं ते सुचलं नाही. घर काय लेकरू आहे, उचलून कडेवर घ्याले?

पण तुले एक सांगतो, तू त्या रोडवाल्याले शिव्या देतो ना, पहिला रोड मीच टाकला. मिसरूड फुटलं नव्हतं तेव्हा. आपल्या वस्तीत रोड येऊन राह्यला म्हणून तुह्या आजोबानं मले शाळेतून काढून गिट्टी फोडाले लावलं, म्हणे आपल्या दारासमोरचा तुकडा आपल्याच हातचा पायजे. तेव्हा आपल्या घराले पाच पायऱ्या होत्या. रोड झाला तं चार दिसाले लागल्या. कोणाले काय वाटलं नाही, सगळे म्हणे चढाचं कमी झालं. आता दारातून रोडवर जाले दोन पायऱ्या चढून जातो.

तेव्हा सगळी धाब्याची घरं होती. मातीचे सपाट छत, एकाले एक लागून. उन्हाळ्यात आमी वरती झोपत होतो अन् नाक्यापासून मशिदीपर्यंत धाब्याधाब्यावरून जाता येत होतं, खाली उतराचं काम नाही. मंग कोणी टिन टाकले, कोणी स्लॅब. ज्याची त्याची उंची झाली. ओटे होते दारोदार, ते नालीनं खाल्ले. जिन पाडून तठी आता लग्नाचा लॉन केला. जिथे मी कान घालवले तिथे रोज रात्री डीजे वाजते. सारी वस्ती बोंबलते, मी तेवढा सुखानं झोपतो.

आपला कोनाडा तुले माहीत आहे. तुह्या आजोबानं बांधला तेव्हा बाबासाहेबाचा फोटो डोळ्यासमोर येत होता, मान वाकवा लागत नव्हती अन् वर करा लागत नव्हती. पहिल्या मुरमानं तो छातीशी आला, दुसऱ्यानं कमरेशी. तिसरा टाकला तं गुडघ्याशी येईन. फोटो मी काढून वर खिळ्याले लावला. पण कोनाडा रिकामा पाहून बरं वाटत नाही. तेवढ्यासाठीच मी मुरूमवाल्याले थांब म्हटलं, तुह्या धमकीनं नाही.

समोरचा जमशेद, हार्डवेअरवाला, बिलावर लिवून म्हणते, ग्यानबाभाऊ, हे पाडून टाका, खालती दुकानाचे दोन शटर काढू, वरती तुमची खोली. त्याचं तीन मजल्याचं झालं तेव्हापासून त्याले सगळ्यायचं तीन मजल्याचं दिसते. त्याची बायको अख्तरीवहिनी हसते, मीही हसण्यावारी नेतो.

खड्डा करतो, पाठीची कळ कमी झाली की.

ग्यानबा

—

चेन्नई
१७ मार्च

बाबा, जय भीम.

जमशेदभाईले सांगून द्या, ग्यानबाचं पोट्टं मेलं नाही अजून. हसण्यावारी काय नेता? रोडाची जागा, नाक्याची. आज म्हणन दोन शटर काढू, उद्या शटरवर त्याच्या हार्डवेअरचा बोर्ड लागन अन् तुमाले वरती खोली म्हणजे जिन्याखाली खाट. गावात असंच तं होऊन राह्यलं. टाकीजचं काय झालं? त्या जागी मोबाईलवाले बसले. जागा ज्याची होती तो आता त्यायच्यातच वॉचमन आहे, तुमीच लिवलं होतं.

तुमाले घर उचलणं म्हणजे काय ते समजत नाही म्हणून पुऱ्यानं लिवतो. पहिले भिंतीच्या बाजूची माती काढा लागते. चारी बाजूनं पाया उघडा कराचा, मांडीइतका खोल. आठ-आठ दिवस त्यातच जाते अन् मजुरीही तिथेच जास्त लागते, जॅकले तेवढी नाही. पाया उघडा झाला की मंग थोडं थोडं फोडून लोखंडी चॅनल सरकवाचे, त्याच्या खाली जॅक. मंग शिट्टी. मंग घर वर जाते अन् खाली जे मोकळं राहते त्यात नवीन वीट बांधत जाचं. तीन फूट, चार फूट, म्हणसान तेवढं. तुमचा कोनाडा, तुमचा खिळा, तुमचं टिन, सगळं जसंच्या तसं वर. रोडाच्या वर. पुन्हा पाच पायऱ्या.

मी दौलतसिंगच्या मागे लागून राह्यलो. त्याचं नागपुराकडे एक काम निघाले लागलं, मे महिन्यात. तो म्हणते, जाता जाता तेरा घर भी देख लेंगे. अशी संधी पुन्हा येत नाही बाबा. आपल्या घराले बाहेरून सिमेंटचं प्लास्टर आहे, मजबूत आहे, पाच वर्षाखाली मीच पैसे पाठवले होते. फक्त खड्डा करून कळवा. किती दिवस झाले, पाठीची कळ म्हणून बसून राह्यले.

इकडे जेवण बरं आहे, भात भात अन् भात. भाकरीची आठवण येते. बोलाले कोणी नाही. जॅकच्या शिट्टीशिवाय माह्याशी कोणी बोलत नाही म्हटलं तरी चालन.

संघदीप

—

जि. वाशिम
२१ एप्रिल

चि. संघदीप यास जय भीम.

जयंती चांगली झाली. मिरवणूक नाक्यावरून गेली. सुकेशनी आली नव्हती, तिच्या सासूचं दुखणं.

पाया पाह्यला. खाली काळा गोटा आहे, त्याच्यावर वीट. पण मधात सिमेंट नाही, पांढरी माती आहे. भिंतही पांढऱ्या मातीतच आहे, सिमेंट फक्त बाहेरून तू लावलं तेवढंच. आजोबाच्या वेळी सिमेंट कोणाले दिसत होतं? दौलतसिंगले आता तसदी देऊ नको. मुरूमही टाकत नाही. तुह्या मनासारखं झालं.

जमशेदबद्दल तू लिवलं ते बरोबर नाही. पुन्हा असं लिवू नको.

इकडे ऊन लय आहे. सकाळी गाव पाहत बसतो. गाव वरून वेगळंच दिसते. खालून चालताना वाटते सगळं पक्कं झालं, टाईल लागल्या, काचा लागल्या. वरून पाहावं तं समोरच तेवढं पक्कं आहे, मागे तेच टिन, तेच गोटे ठेवलेले टिनावर. अन् ज्यायनं स्लॅब टाकला त्यायच्या कॉलमच्या सळया वर उभ्या आहेत, पुढच्या मजल्यासाठी. कोणाकडे पुढच्या मजल्याचे पैसे नाहीत पण सळया कोणी कापत नाही. त्यावर कपडे वाळू घालते. अख्तरीवहिनीनं एका सळईले पक्ष्याच्या पाण्याचं डबडं बांधलं.

आपल्या टिनावर तुही लहानपणची निळी चप्पल अजून आहे. बाभळीच्या शेंगा पाडाले तू फेकली होती अन् मले म्हटलं होतं शाळेत चोरी गेली.

तब्येत बरी आहे. काळजी करू नको. पत्र याच पत्त्यावर टाक पण वरती जमशेदभाईच्या दुकानाचं नाव लिव, पोस्टमन नवीन आहे.

ग्यानबा

—

चेन्नई
४ मे

बाबा,

तुमाले टिनावरची चप्पल दिसली कशी?

तीनदा वाचलं तुमचं पत्र. आपल्या घरातून टिनावरचं दिसत नाही. रोडावरूनही दिसत नाही. ते फक्त जमशेदभाईच्या गच्चीवरून दिसते. अन् तुमी लिवता सकाळी गाव पाहत बसतो, गाव वरून वेगळं दिसते. अन् पत्रावर त्याच्या दुकानाचं नाव टाक म्हणता. पोस्टमन नवीन असो का जुना, साऱ्या नाक्यावर ग्यानबा म्हटलं की तुमचंच घर दाखवते.

सुकेशनीले फोन लावला. ती म्हणे मले माहीत नाही, मी दोन महिने गेली नाही. मंग जमशेदभाईलेच लावला. तो म्हणे, 'बाबा खैरियत से हैं, बाकी वो खुद लिखेंगे.' मी म्हटलं चाचा, खरं सांगा. तो म्हणे, 'मेरे से कसम ली है,' अन् फोन ठेवला.

काय झालं ते लिवा. जागा त्याच्या नावानं केली का? अंगठा तं दिला नाही ना कुठे? तुमी सही करता हे मले माहीत आहे, तरी विचारतो.

दौलतसिंगले मातीचं सांगितलं. मले वाटलं काहीतरी उपाय सांगन. त्यानं विडी विझवली अन् म्हणे, 'बेटा, मिट्टी का घर उठता नहीं, बिखरता है. उसको तो छूना भी मत, बाजू की मिट्टी भी मत हटाना.' एवढं बोलून त्यानं शिट्टी मारली. मी जॅकवर होतो. पाव आटा दिला. काय करणार होतो?

म्हणून त्या खड्ड्यात माती परत भरून टाका. चांगली चोपून. लवकर.

संघदीप

—

जि. वाशिम
१९ मे

चि. संघदीप यास जय भीम.

सही कुठे केली नाही. आता सगळं लिवतो, शेवटपर्यंत वाच अन् मंग राग कर.

तुह्या पत्रात होतं की माती काढाले आठ दिवस लागते अन् त्याचीच मजुरी जास्त. मले वाटलं, तेवढं मी करून ठेवीन. तू दौलतसिंगले घेऊन येशीन अन् पाया उघडाच सापडन, पोट्ट्याचे तेवढे पैसे वाचतीन. म्हणून कोपऱ्यात खड्डा केला नाही. रोज सकाळी ऊन चढायच्या आधी थोडं थोडं करत तीन बाजू मोकळ्या केल्या. मांडीइतक्या. तू लिवलं होतं तेवढ्याच. पाठ दुखली पण मजा आली. लोक खुणेनं विचारत, ग्यानबा काय सोनं निघालं का? मी म्हणत होतो, घर उचलून राह्यलो.

दहा दिवसाआड नळ येते. नालीच्या कामात नळाची लाईन आपल्या घरासमोर फुटली होती, कोणाले दिसलं नाही. नळ आला अन् सगळं पाणी उताराले लागलं. उतार कुठे, तं आपल्याच घराकडे. चर काठोकाठ भरला. पांढरी माती पाणी प्याली अन् विरघळली.

मी तेव्हा जमशेदच्या दुकानात बसलो होतो, घराकडे पाठ करून, चहा पीत. जमशेद एकदम उठला. गिऱ्हाईक उठलं. सगळे पळाले. मले वाटलं कोणाची वरात आली असन. मी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, मंग वळून पाह्यलं.

रोडाकडची भिंत अन् बाजूची अर्धी. एवढंच गेलं. टिन तिरपं लटकलं. भांडे निघाले, फोटो निघाला, काच फुटली नाही.

तेव्हापासून जमशेदकडे आहे, वरच्या मजल्यावर. जिन्याखाली नाही. अख्तरीवहिनी भाकर करते माह्यासाठी वेगळी, त्यायच्या घरी पोळी खाते तरी. अन् दोन शटरचं तू जे लिवलं, ते मी जमशेदले दाखवलं नाही. ते शटर आपल्याच नावानं होणार होते. एक तुह्यासाठी. त्याच्या मनात होतं की पोट्टं किती दिवस हिंडन, इथे बसवू, माल मी देतो. मले म्हणे सांगू नका, झाल्यावरच सांगू. आता ते काही होत नाही. तेवढे पैसे माह्याजवळ नाहीत अन् त्याचं स्वतःचंच कर्ज फिटलं नाही.

एक गोष्ट तुले सांगायची होती. भिंत पडली तं आतला मुरूमही घसरून गेला, दोन्ही थर. खाली तुह्या आजोबाच्या वेळची जमीन निघाली, माह्या आईच्या सारवणाचे हात दिसत होते तिच्यावर. मी तठी जाऊन उभा राह्यलो. कोनाडा पुन्हा डोळ्यासमोर आला. मान वाकवा लागली नाही.

पण कोनाड्याची ती भिंतही पाडा लागते. पावसाळ्यात कोणाच्या अंगावर पडन म्हणते. टिन उतरवलं तं बाभळीजवळ निळी चप्पल सापडली, ठेवली आहे.

तू हे तुह्या पत्रानं झालं म्हणू नको. तू कोपरा म्हटलं होतं. जास्त मी केलं. म्हणूनच लिवत नव्हतो.

आता एकच विचारतो. जमशेदचा मिस्त्री एका खोलीचं बांधून देतो म्हणते, सेंट्रिंगचं सामान जमशेद फुकट देते. पण मिस्त्री विचारते, जोतं रोडाच्या किती वर घ्याचं? मले समजत नाही. रोड पुन्हा येईन. तू उचलणारा आहे. तू सांग, घर किती उंच घ्यावं?

ग्यानबा

—

चेन्नई
३ जून

बाबा, जय भीम.

चार वेळा लिवाले बसलो. फाडून टाकलं. राग कोणावर करावा ते सापडलं नाही, तं राग केला नाही.

तुमी लिवलं म्हणून मी म्हणत नाही की माह्या पत्रानं झालं. पण ते पत्र मी रात्री जेवण झाल्यावर ऐटीत लिवलं होतं. मांडीइतका खोल, असं लिवताना मले बरं वाटलं होतं.

यायचं म्हणून दौलतसिंगकडे गेलो. घर हवेत आहे सध्या, दीडशे जॅकवर. घरातली माणसं आतच राहते, म्हातारी आहे एक, दोन लेकरं. एक माणूस कमी झाला तं त्याचा जॅक मागे राहते अन् भिंतीले तडा जाते. दौलतसिंग म्हणे, 'नीचे ईंट लग जाए, फिर जा.' अजून महिना लागन. सुरत सोडलं, हैदराबाद सोडलं, कोणाले विचारलं नाही. आता पहिल्यांदा जा वाटते तं जाता येत नाही. मी नाही म्हणून म्हातारीचं घर पडलं असं नको.

तुमी चहा संपवला, हे वाचून मी हसलो. मंग जॅकपाशी गेलो अन् खालची माती कोरडी आहे का ते हातानं पाह्यलं.

जमशेदभाईले मी जे लिवलं ते दाखवलं नाही हे चांगलं केलं. मी आलो की मीच सांगीन, तोंडानं. अख्तरीचाचीले सलाम सांगा. चप्पल फेकू नका.

कोनाड्याची भिंत पाडताना एक करा. कोनाड्याच्या वरची लाकडी पट्टी अन् खालची फळी, आजोबाची, सोडवून ठेवा. मिस्त्रीले सांगा नवीन भिंतीत कोनाडा पायजे. तो म्हणन आता कोणी ठेवत नाही, सगळे फर्निचर करते. त्याले म्हणा ठेव. तुमच्या डोळ्याच्या उंचीवर माप घ्या, तुमी उभं राहून. मंग मुरूम नको, रोड काय कराचा ते करो.

अन् जोत्याचं. बाबा, मले माहीत नाही. खरं सांगतो. इकडच्या म्हातारीच्या पोरानं पाच फूट म्हटलं. बाजूच्यानं मागच्या साली तीन फूट उचललं होतं, तो आता पुन्हा दौलतसिंगले भाव विचारून राह्यला. कोणालेच माहीत नाही. तुमचा प्रश्न मी दौलतसिंगले जसाच्या तसा विचारला, मेरा बाप पूछ रहा है, म्हटलं. तो इतके घरं उचलून बसला, मले वाटलं त्याले माहीत असन. तो हसला नाही. शिट्टी गळ्यात मागे टाकली अन् म्हणे, 'जितना पैसा, उतना ऊपर.'

जवळ होते तेवढे पैसे सुकेशनीच्या खात्यात टाकले, ती आणून देईन. मिस्त्रीले सांगा, तेवढं उंच घे.

नऊ हजार.

संघदीप